पुतण्या येणार आहे

हे बायकोलाही माहीत नाही. मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे – सिंगापुरातली बारा वर्षं भांडून आणि घासाघीस करूनच काढली. पण ही एक गोष्ट घशातच अडकते. बघू, तुमच्यापाशी निघते का.

आधी माझा राग सांगतो, तो खरा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हाची गोष्ट. एक खोली पसंत पडली होती. मालकाने चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर त्याने माझ्या पुढ्यातला कप उचलून नेला – अर्धा भरलेला – आणि म्हणाला, "खोली देता येणार नाही. पुतण्या येणार आहे." महिनाभराने तिथून गेलो, तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच. कसला पुतण्या?

इथे आलो. इथे आडनाव कोणी विचारत नाही, सुटलो म्हटलं. सुटतोय कसला! घर दाखवण्याआधीच एजंट टेनंट प्रोफाइल मागतो – कामाचा पास कोणता, माणसं किती, स्वयंपाक किती करणार, आणि वंश. तिथे इंडियन लिहिलं की एजंट इथल्या बोलीत सांगतो – ओनर नको म्हणतो, सॉरी लाह. नऊ घरं अशी गेली. प्रत्येक एजंटशी भांडलो. आणि ठरवलं – एक दिवस मी ओनर होईन, आणि वंशाचा तो रकानाच ठेवणार नाही.

झालोही. आम्ही राहतो ईस्ट कोस्टला. बुओना व्हिस्टाला दुसरा फ्लॅट घेतला आणि एजंटला बजावलं, तो रकाना काढ. दर चौदा एप्रिलला आमची बौद्ध मंडळी जमतात, तिथे मी पुण्याचा किस्सा सांगतो आणि त्याला हा रकाना जोडतो. अमेरिकेतले काळे लोक बसमधल्या सीटसाठी लढले, मतासाठी लढले, आजही पोलिसाने गाडी अडवली तर जिवंत घरी पोचू का म्हणून धास्तावतात – त्यांचं दुखणं आणि आपलं दुखणं एकच, असं आवाज चढवून सांगतो. टाळ्या पडतात. का पडू नयेत?

गेल्या वर्षी मार्च महिन्यात त्या फ्लॅटसाठी एक अमेरिकन शास्त्रज्ञ आला. मार्कस. बायको आणि एक लहान मुलगी. दोन दिवस आम्ही फोनवर मेसेज करकरून भाव केला. माझ्या तोडीचा निघाला, मजा आली. सौदा ठरला. रविवारी त्यांचा हॉटेलातला मुक्काम संपत होता, सोमवारी मुलीची शाळा. शनिवारी सह्या करायला तिघं फ्लॅटवर आले. मी दार उघडलं.

मार्कस काळा होता.

रकाना मीच काढला होता ना? मग काय झालं मला? त्याच वेळी लिफ्टमधून त्या मजल्यावरच्या शेजारीणबाई आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या बाईंना मला साधी मान हलवून ओळख द्यायला दोन वर्षं लागली होती. बस, एवढंच. पण खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतो – त्या येण्याआधीच माझा हात दारावर घट्ट झाला होता.

मुलगी बूट काढून आत पळाली, स्वतःची खोली निवडून परत आली. आणि मी स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, "फ्लॅट देता येणार नाही. माझा पुतण्या येणार आहे."

फोनवर एक डॉलर न सोडणारा तो माणूस – त्याने एका शब्दाने घासाघीस केली नाही. वाकून मुलीच्या पायात बूट घातले आणि गेला. फ्लॅट तीन महिने रिकामा राहिला. भाडेकरूच फिरला, असं मी घरी सांगितलं.

पुढच्याच महिन्यात, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून कोण यावा? मार्कस. त्याच्या लॅबमधल्या आपल्या समाजातल्या एका मुलीने बोलावलेला. गोऱ्यांच्या वस्तीत आपल्या वडिलांना घर कसं मिळालं नाही, ते त्याने शांतपणे सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मग मंडळींनी मला उभं केलं – सर, पुण्याचा किस्सा, पाहुण्यांसाठी इंग्रजीत. मी सांगितला. आणि बदलला. मालक म्हणाला, खोली आधीच गेली.

तिसऱ्या रांगेतून माझी लेक ओरडली, "बाबा, नेफ्यू लाह. यू ऑलवेज से नेफ्यू."

सगळे हसले. मार्कस हसला नाही.

चहाच्या वेळी तो माझ्यापाशी आला. हळू आवाजात विचारलं, "तुमचा पुतण्या पोचला का?"

लेक शेजारीच होती. तिने त्याला सांगून टाकलं, बाबांना तर भाऊच नाही.

मी म्हणालो, "बटाटेवडे घ्या, गरम आहेत."

एवढंच बोललो मी. पुण्याच्या त्या मालकावरचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण अशा दाराबाहेर तो मालक कधी उभा राहिला नव्हता. मी राहिलो होतो.