मानेला हात न लावणारे

घाटकोपरच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर एक हाडवैद्य एकटेच राहायचे. गिरणी बंद पडल्यापासून दिवसभर दारातल्या बाकड्यावर बसून असत. पाय मुरगळला की सगळे त्यांच्याकडे. एरवी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. ही विद्या त्यांनी आपल्या मामाकडून शिकलेली. डोळे मिटून बोटांनी हाड चाचपायचे, पण मानेला कधी हात लावायचे नाहीत.

माझी मान आखडली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हाताला मुंग्या येतात?"

मी हो म्हटलं.

"मग ते माझं काम नाय रे. फोटो काढायला हवा," म्हणाले, आणि स्वतःच मला इस्पितळात घेऊन गेले.

तरुण डॉक्टर एक्स-रे बघत म्हणाले, "नशीब, कुठल्या हाडवैद्याकडे गेला नाहीत. वाट लावली असती मानेची."

दार उघडं होतं. हाडवैद्य बाहेर बाकावर बसले होते.

"छे," मी म्हटलं, "त्यांच्याकडे कोण जातं."

परतताना आम्ही बस पकडली. उतरल्यावर त्यांनी माझ्याकडून ती फिल्म मागून घेतली, उन्हात धरली आणि एकेका मणक्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"इतकी वर्षं नुसतं चाचपत आलो," म्हणाले. "असं दिसतं होय."