डासांच्या थुंकीतल्या पुड्या आणि आमचे भावोजी

डासांवर मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या ताईने नवरा म्हणून शोधून काढला. आमचे भावोजी मरोळच्या एका प्रयोगशाळेत डासांच्या थुंकीवर संशोधन करतात. थुंकीवर! आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणी चौकशी केली की आई "औषधाच्या कंपनीत आहेत" असं ठोकून देते. भावोजी मात्र त्या माणसाला जिन्यातच गाठतात आणि खरं काय ते समजावतात. डेंग्यूचा डास चावला की नुसता विषाणू अंगात उतरत नाही म्हणे. डासाच्या पेशींनी बांधून सोडलेल्या बारीक बारीक पिशव्याही थुंकीबरोबर येतात. भावोजी त्यांना पुड्या म्हणतात. "आत विषाणूचा माल भरलेला, आणि आपलं शरीर घरचीच पुडी समजून आत घेतं! काय डोकं आहे ना?" हे त्यांनी माझ्या हळदीला, पानात गरम वडे पडत असताना सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. "जावयबापू, ह्यां आत्ताच सांगूक व्हयां होतां?"

घरात डास दिसला की आपण टाळी वाजवतो. भावोजी "थांब गं, मारू नकोस!" म्हणून ओरडतात आणि आधी नर की मादी ते बघतात. नर निघाला तर चक्क जीवदान, कारण तो बिचारा चावत नाही. प्रयोगशाळेत पाळलेल्या निरोगी डासिणींना अंडी घालायला रक्त लागतं, तर हे स्वतःचा हात जाळीत घालून बसतात आणि घरी येऊन तो सुजलेला हात कौतुकाने दाखवतात. एकदा ताई त्यावर चंदन उगाळून लावत होती, ती भडकलीच. "मला एक पोळी वाढायला कधी उठला नाहीत, आणि त्या भवान्यांना स्वतः जेवू घालता!"

मग ताईलाच डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरायला लागल्या आणि जो तो मला सांगू लागला, "तुझे भावोजी त्यातलेच ना, त्यांना विचार." मी त्यांना हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये धरलं. "भावोजी, वाचेल ना ती?" एरवी लिफ्टमध्येही भाषण देणारा माणूस, आणि आता दोनच वाक्यं. म्हणाले, "पुडी कशी बांधली जाते ते थोडंफार कळतं गं. ती थांबवायची कशी, ते मला नाही माहीत." मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

आणि त्याच संध्याकाळी, डॉक्टरांची रीतसर परवानगी काढून, बर्फाचा डबा काखेत मारून हे गृहस्थ ताईच्या उशाशी हजर. "मंजू, थोडं रक्त देशील का? अभ्यासाला." मी त्यांना तिथेच बदडणार होते. ताईने डोळे उघडले. "लग्नात हुंडा घेतला नाहीत, तो आता वसूल करताय होय?" आणि हसली. ताप आल्यापासून पहिल्यांदा हसली.

ताई बरी झाली, देवाची कृपा. आता पुन्हा झकास भांडते. तिच्या रक्ताची नळी मात्र मरोळच्या फ्रीजरमध्ये तशीच पडून आहे. तिथे नळीवर फक्त नंबर घालायचा असतो, माणसाचं नाव लिहिलं की नमुना बाद. नव्या संशोधकांना हा नियम भावोजीच दरडावून शिकवतात. आणि या नळीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'मंजू'.

"मग बाद ना? टाकून द्या की," मी म्हटलं.

"टाकवत नाही गं," एवढंच म्हणाले.