पत्रिकेची मधली जागा

जळगावात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि फावल्या वेळात मी आकाराच्या कविता लिहितो. म्हणजे विहिरीवरची कविता असेल तर शब्द एकाखाली एक तळापर्यंत उतरतात. केळीच्या घडावरची असेल तर ओळी घडासारख्या वाकतात. घरचे विचारतात, सरळ लिहिता येत नाही का? मी उत्तर देणं सोडून दिलंय.

यंदा ही वाकडी विद्या कामाला आली. पारोळ्याच्या माझ्या विधवा आत्याच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं. मुलीला वडील नाहीत, काका दोन. धाकटे नाना साक्रीला असतात. स्थळ त्यांनीच आणलं, म्हणून साखरपुड्यात मुलाकडच्यांनी मानाचा टोपी-टॉवेल आधी त्यांना दिला. थोरले आबा शेजारीच बसले होते. ते तसेच उठून गेले, जेवलेसुद्धा नाहीत. तेव्हापासून दोघांचा एकच प्रश्न, पत्रिकेत पहिलं नाव कुणाचं? ज्याचं खाली जाईल तो मांडवात येणार नाही. आणि मुलाकडच्यांनी तर बजावूनच ठेवलं होतं, दोन्ही काका हवेत, फुटलेल्या घराशी आम्हाला सोयरीक नको.

आत्याचा फोन आला. "बेटा, तू काहीबी कर, पन त्या दोन्हीस्नी येवालेच पाहिजे. नही ते पोरनं लगीन मोडी जाई."

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नावं शेजारी शेजारी लिहावीत, तर डावीकडचा पहिला ठरतो. दोन दिवस मी मांडायचो आणि पुसायचो, गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसायचो. शेवटी निमंत्रकांची सगळी नावं गोलात मांडली. गोलात पहिला कुणी नसतो. दोन्ही काकांनी पाठवलेल्या याद्या समोर ठेवून एकेक नाव आठ वेळा तपासलं, कारण आमच्याकडे एक नाव सुटलं की अख्खं घर रुसतं. मधे मात्र पांढरी जागा राखली. न लिहिलेली जागाही बोलते, असं मी कवितेबद्दल लोकांना ऐकवत असतो.

नमुना घेऊन मी आधी पारोळ्याला आबांकडे गेलो. त्यांनी पत्रिका हातात फिरवली, स्वतःचं नाव वर आल्यावर थांबले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साक्रीत नानांनीही तेच केलं. मी तोंडाला कुलूप लावलं. साप मेला, काठीही वाचली. त्याच खुशीत सगळ्या पत्रिका छापून आत्याकडे घेऊन गेलो.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची म्हणून मुलीने हळदी-कुंकवाचं ताट आणलं. आत्याला जुळवून जुळवून वाचावं लागतं. ती गोलावरून बोट फिरवत एकेक नाव वाचत गेली. एक फेरी पूर्ण झाली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत ती काय शोधतेय हे माझ्या लक्षात आलं आणि लाजेने माझी मान खाली गेली. याद्यांमध्ये तिचं नाव नव्हतं. विधवेचं नाव कुणी घातलंच नव्हतं, आणि आठ वेळांत मलाही ते खटकलं नव्हतं.

"बठ्ठा शेतस," सगळे आहेत, ती म्हणाली. "चांगलं करं तू."

मुलीने पत्रिका तिच्या हातातून घेतली, वाचली, मग आईचा अंगठा धरून ओल्या हळदीत बुडवला. आत्या हात ओढू लागली. "नको वं, लोक काय म्हनतीन!"

"मग हे लग्न कुणाच्या मुलीचं आहे?" मुलगी म्हणाली आणि तिने तो अंगठा मधल्या पांढऱ्या जागेवर दाबला. त्या दुपारी आम्ही गठ्ठे सोडत गेलो आणि आत्या एकेका पत्रिकेवर अंगठा उमटवत गेली. आधी रडत, मग न रडता.

आता पत्रिका वाटायच्या होत्या. आधी आबांच्या ओट्यावर चढलो. हे बिघडले तर लग्नच मोडणार, आणि ते माझ्या हातून. त्यांनी नेहमीसारखी पत्रिका फिरवली. नाव वर आलं, खाली गेलं, मधला ठसा मात्र हलेना. उपरण्याने पुसून पाहिला, तर हळद आणखीच पसरली.

"हाऊ कोना अंगठा शे?"

"मुलीच्या आईचा."

आबांनी हळद लागलेलं उपरणं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "येसू मी लगीनले." मी सुटकेचा श्वास टाकून उठणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पन तिनं नाव तू छापं का नही?"

यादी तुम्हीच दिली होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आत्या माझी होती.