खुंट्यावरची माती

पंचशीला नांदेडच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी जोहरा, केमिस्ट्रीची. माझं काम निदान नळीत दिसतं. हिचं संशोधन कशावर, तर अणुकेंद्रकात घटकाभर थांबून निसटणाऱ्या न्यूट्रॉनवर. तो किती ऊर्जेला थांबतो, ते कागदावर काढायचं. घटकाभर म्हणजे किती, हे मी एकदा विचारलं आणि उत्तरातली शून्यं ऐकून चहा मागवला.

निसटणारा न्यूट्रॉन गणितात मावेना, म्हणून ती त्याच्याभोवती एक कल्पित भिंत घालायची. मग हातानं फिरवायच्या गणकयंत्राचा महिनोन्‌महिने खडखडाट. ब्याऐंशी साली, लातूर जिल्हा झाला त्या ऑगस्टात, तिचं उत्तर प्रयोगवाल्यांच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. प्रबंध द्यायला आठ दिवस होते. आम्ही पेढे खाल्ले.

तिची आई धुरपताबाई निलंग्याहून आली होती. नव्या जिल्ह्यापेक्षा तिला लेकीच्या पदवीचं अप्रूप. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंत कुठं घालायची, ते कोण ठरवतं?"

"मीच. पाच-सहा ठिकाणी घालून पाहिली. एका ठिकाणी बरोबर जुळलं."

धुरपताबाई हसली. बहात्तरच्या दुष्काळात ती तलावाच्या कामावर होती. खोदताना मधे मातीचा एक खुंटा तसाच ठेवायचा आणि त्याच्या उंचीवरून खड्ड्याची खोली मोजून हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यायची, अशी तिथली रीत.

"एकदा म्या खुंट्यावर दोन पाट्या माती थापली. खड्डा लगेच खोल झाला. तू बी तेच करायलीस का?"

पंचशीलाचा चेहरा उतरला. मला तर म्हातारीचा रागच आला. हातातोंडाशी आलेली पदवी होती.

पंचशीलानं सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली. भिंत जवळ आणली, लांब नेली. तिच्याबरोबर सगळे आकडे सरकले, जुळलेला लाडका आकडाही. भिंत कुठंही असो, एकच जागचा हलला नाही. खरा तोच, पण तो प्रयोगापेक्षा कमी भरत होता. तिनं तोच लिहिला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "कमी का?"

"माझं खोदकाम तेवढंच झालंय, सर."

ते हसले, आणि पदवी मिळाली.

घरी धुरपताबाईनं पुन्हा विचारून घेतलं, "माप कमी भरलं, तरी पास केलं?"

"हाव."

ती म्हणाली,

"आमची तर माप कमी भरलं म्हणून हजेरी कापली होती. तुझ्या तवाच्या परीक्षेच्या फीसाठी थापली होती ती माती."