शेंडीवालीचं बीज

भागिरथाबाईचं अंडं उकळताना तडकत नाही, अशी आमच्या किन्हीराजात ख्याती होती. घरात बाळंतीण असो की तापातून उठलेलं म्हातारं माणूस, अंडी आणायला लोक तिच्याच दारात जात. पाणी कितीही खळखळू द्या, कवच जसंच्या तसं. कोणी म्हणे कोंबड्यांची जातच वेगळी, कोणी म्हणे दाण्याचा गुण. खरं कारण मला कळलं तेव्हा मी बासष्टीचा होतो आणि भरदुपारी तिच्या घरात गोधडी पांघरून बसलो होतो. ते ओघानं येईलच.

मी रामराव. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता घरी आहे. आमच्या आणि भागिरथाबाईच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. अशा भिंतीला माणूस मान देतो, कोंबडी देत नाही. मेथी पेरायची मी आणि उकरायची तिच्या कोंबड्यांनी, असा आमचा शेजार. तेव्हा कोंबड्यांविषयी मी काही गोडगोड लिहीन, अशी आशा कोणी ठेवू नये.

पण त्या देखण्या होत्या, हे नाकारून चालणार नाही. राखाडी अंग, पिवळे पाय आणि डोक्यावर पिसांची शेंडी. चालताना शेंडी डोळ्यांवर यायची आणि त्या मान झटकून ती मागे टाकायच्या. भागिरथाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईची गाय आंदण द्यायची ऐपत नव्हती. तिनं टोपलीत कोंबडा-कोंबडीची जोडी घालून लेकीच्या हातात दिली. त्या जोडीचं बीज भागिरथाबाईनं बेचाळीस वर्षं राखलं. तिचा नवरा देवमन तीन एकरांत सोयाबीन-तूर करतो. तो मोकळेपणानं सांगतो, "वावरानं नाही केलं ते ह्या शेंडीवाल्याइनं केलं." मुलगी धम्मदीपा नर्स झाली ती अंड्यांच्या जोरावर. तिला पार अहेरीकडे नोकरी लागली, तिकडेच सासर मिळालं. निघताना आईनं तिच्याही हातात तशीच टोपली दिली. नवा जावई बसच्या मागच्या सीटवर टोपली मांडीवर घेऊन, ओळखीचं कोणी पाहत नाही ना अशा चेहऱ्यानं बसला होता. बस माझीच होती म्हणून मला माहीत.

भागिरथाबाईचा नियम एकच. अंडं खायला मिळेल, उबवायला मिळणार नाही. नवीन संसार असताना तिनं गावातल्या एका मोठ्या घरी तेरा अंडी उबवायला दिली होती. दोन वर्षांत त्या घरची अंडी मालेगावच्या बाजारात जाऊ लागली आणि हिची टोपली भरलेली परत येऊ लागली. तेव्हा तिनं कानाला खडा लावला. बीज बाहेर द्यायचं नाही.

आता, खायला म्हणून नेलेलं अंडं कोणी कोंबडीखाली ठेवलं तर? माझ्या बायकोनं, वैजयंतीनं, तेच केलं. तिला त्या शेंडीचा भारी सोस. भागिरथाबाईकडून अकरा अंडी आणली आणि आमच्या खुडूक झालेल्या कोंबडीखाली ठेवली. खुडूक कोंबडी म्हणजे अंडी घालणं सोडून जागेवरच बसून राहणारी, जवळ गेलं की फुगणारी. तिला काहीही उबवायला द्या. एकवीस दिवस झाले, बावीस झाले, पिल्लू नाही. फोडून पाहिलं तर घरात उभं राहवेना. वैजयंतीनं पुढच्या वर्षी पुन्हा ठेवली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तिसऱ्यांदा ती अंगणात बसून रडली. भागिरथाबाई भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "राह्यते वैजू, कोणाकोणाच्या हाताले यश नसते. मनाले नको लावू."

वैजयंतीनं मनाला लावून घेतलंच. त्या वर्षी तिनं घरच्या सगळ्या कोंबड्या विकल्या. पुढे लोणच्याला बुरशी आली की ती आपल्या हातांकडे पाही, मिरचीचं रोप जळालं की पाही. याला अकरा वर्षं झाली. मी तिला हसायचो, हे कबूल करतो.

गेल्या पौषात गावात मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते, ती जागच्या जागी गोल फिरते आणि पडते. लस टोचून घ्यायची त्या वर्षी राहून गेली होती. चार दिवसांत भागिरथाबाईच्या सत्तावीसच्या सत्तावीस गेल्या. देवमननं बांधाला खड्डा करून, चुना टाकून पुरल्या. पाचव्या दिवशी तिनं रिकामं खुराडं चुन्यानं पोतलं आणि पदर खोचून गावात निघाली. कोणाकडे शेंडीवाली आहे का, असं घरोघर विचारत फिरली. एकाकडेही नव्हती; त्या मोठ्या घरानंही कोंबड्या केव्हाच सोडल्या होत्या. बेचाळीस वर्षं तिची अंडी गावभर गेली आणि गावात एक शेंडी नाही, याचं मला नवल वाटलं. तिला वाटलेलं दिसलं नाही.

"आईनं देल्लं एवढंच होतं मायाजवळ," ती देवमनला म्हणाली. "तेही गेलं."

बीज उरलं होतं ते फक्त अहेरीला. धम्मदीपाकडे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा होता. तिला सुटी नाही, आणि जिवंत कोंबड्या कुरिअरवाले घेत नाहीत. अंडी घेतात. भागिरथाबाईचा फोन घरात लागत नाही म्हणून खोक्यावर माझा नंबर पडला, आणि कोंबड्यांचा हाडवैरी असलेला मी माघातल्या एका सकाळी मालेगावहून तेरा अंडी आणायला निघालो. खोका उपरण्यानं पोटाशी बांधला आणि मोटरसायकल पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणली. तीस वर्षांत एखाद्या गर्भार बाईलाही मी इतकं जपून आणलं नसेल.

धम्मदीपानं प्रत्येक अंडं कागदात गुंडाळून कुटारात, म्हणजे भुशात, खोचलं होतं. दोन फुटली होती, अकरा धड होती. भागिरथाबाईनं ती ज्वारीच्या दाण्यांत, निमुळतं टोक खाली करून, एक दिवस तशीच उभी ठेवली. चार दिवस हादरे खाऊन आलेलं अंडं आधी निवावं लागतं म्हणे. गावातल्या मनकर्णाबाईची, रोगातून वाचलेली एक कोंबडी खुडूक होती, ती उसनी आणली. टोपलीत तणस घातलं आणि तणसात एक खिळा व कोळसा ठेवला. आभाळ गडगडलं तर अंडी मरू नयेत म्हणून.

"घरात बाबासाहेबांचा फोटो हाय आन तू खिळे ठेवून राह्यली," देवमन म्हणाला.

"लोखंड काय देव होय?" ती म्हणाली. "मी त्याच्या पाया नाही पडून राह्यली."

सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरून पाहायची असतात. त्याला अंधार लागतो, आणि तिच्या घराच्या टिनांना जागोजागी भोकं. म्हणून ती गोधडी. मी मोबाइलची बॅटरी धरायची, तिनं अंडं धरायचं, आणि देवमननं बाहेरून गोधडीची टोकं दाबून उभं राहायचं. जीव धरलेल्या अंड्यात लाल बारीक शिरा दिसतात, असं तिनं मला आधी सांगितलं.

पहिल्या अंड्यात शिरा नव्हत्या. आत नुसतं गढूळ. दुसऱ्यातही. अकराही तशीच निघाली. आणि प्रत्येकाच्या रुंद टोकाला, सुईच्या अणीएवढा, उजेडाचा एक ठिपका होता.

तिनं गोधडी भिरकावून दिली. तिची नजर दाराच्या चौकटीकडे गेली. तिथं काळा दोरा ओवलेली एक सुई खोचलेली असायची. मीही ती कित्येक वर्षं पाहत आलो होतो. बाईमाणसाच्या घरी सुई असायचीच, म्हणून त्यावर कधी विचार केला नव्हता.

तिनं माझ्याच फोनवरून अहेरीला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"दीपा, अंडे टोचले काय व तू?"

 पलीकडे धम्मदीपा रडायलाच लागली. "टोचले असतीन आई. डबा भरता भरता हातच गेला माया. तूच त शिकवलं ना, घराबाहेर जाते ते अंडं टोचूनच जाते म्हणून. लहानपणापासून तेच केलं. मले समजलंच नाही व."

मी जन्मभर तिकिटं पंच केली. एकदा भोक पडलं की त्या तिकिटावर पुन्हा प्रवास नाही. या बाईनं चाळीसेक वर्षं तेच केलं होतं. दारात अंडं मागायला माणूस आलं की आत जायचं, प्रत्येक अंड्याला सुई लावायची आणि पदरानं पुसून द्यायचं. खायला चांगलं, उबवायला मेलेलं. म्हणून ते उकळताना तडकत नव्हतं. आतली हवा भोकातून निघून जायची.

"वैजयंतीचेही?" मी विचारलं.

"हो भाऊ."

मला संताप आला. सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. "अकरा वर्षं झाले, ती आपल्या हाताकडे पाहून राह्यली," मी म्हणालो. "आन तुमी तिले येऊन सांगतलं, हाताले यश नाही म्हणून?"

ती खाली बसली. देवमन गोधडीची घडी घालत होता, ती त्यानं तीनदा घातली. "तिले तुमी नका सांगू," ती शेवटी म्हणाली. "मी सांगीन."

मी घरी काही बोललो नाही. दया आली म्हणून नव्हे. ती स्वतः सांगते की नाही, हे मला पाहायचं होतं.

तिकडे धम्मदीपाच्या तीन कोंबड्यांतली एक रानमांजरानं नेली. उरलेल्या दोघींची अंडी साठवायला तिला आठ दिवस लागले. इकडे मनकर्णाबाईच्या कोंबडीची बैठक मोडू नये म्हणून तिच्याखाली साधी अंडी ठेवली होती. उन्हं तापायला लागली होती. आणखी उशीर झाला असता तर अंडी वाटेतच नासली असती. नऊ आली, नऊही धड. मी पुन्हा पोटाशी बांधून आणली. गोधडीखाली सहांत शिरा दिसल्या. आणि एकविसाव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून देवमनची हाक आली. जाऊन पाहतो तर कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलेलं, आणि त्या डोक्यावर बोराएवढा उंचवटा. शेंडीची जागा. संध्याकाळपर्यंत पाच निघाली. भागिरथाबाई हसत होती आणि डोळे पुसत होती. मला आनंद झाला, आणि झाला याचा थोडा रागही आला.

पाचांत दोन कोंबडे, तीन कोंबड्या. या वेळी लस दोनदा टोचली. चैत्र गेला, पाऊस आला, माझी नवी मेथी उकरली गेली. भिंतीवरून बायकांची भाजीपाल्याची देवघेव चालू होती. ती गोष्ट मात्र भागिरथाबाईच्या तोंडून निघेना. मी वाट पाहणं सोडून दिलं होतं.

दिवाळीच्या आधी त्या कोंबड्या अंड्यावर आल्या. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागिरथाबाई भिंतीपाशी थांबली नाही, वळसा घालून पुढच्या दारानं आली. हातात टोपली, टोपलीत तेरा अंडी.

"वैजू, हे बसव," ती म्हणाली.

वैजयंती दचकली. बसवायला अंडी, तीही या घरची! मग तिनं हात पदरात घेतले. "नको बाई. माया हाताले यश नाही. तुमचे अंडे वाया जातीन."

"तुया हाताले काई नाही झालं," भागिरथाबाई उभ्यानंच म्हणाली. "मी टोचून देत होती. सुईनं. साऱ्याइले तसेच देल्ले, तुलेही तसेच देल्ले. बीज बाहेर जाऊ नये म्हणून. एका घरी ठेवलं आन एका रोगात गेलं. आता दोन घरी ठेवा लागते, म्हणून तुयाकडे आली. माफी कोण्या तोंडानं मागू?"

वैजयंतीला समजायला वेळ लागला. मी खाटेवर बसून होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला हे ठाऊक होतं हेही तिला कळलं. त्याचा हिशेब पुढे वेगळा झाला.

"तिन्ही वेळा?" तिनं विचारलं.

"तिन्ही वेळा."

"मी रडून राह्यली होती तवाही तुले मालूम होतं?"

"मालूम होतं."

वैजयंतीनं टोपली घेतली. मला वाटलं, अंगणात भिरकावते. ती ओट्यावर उन्हात बसली. एक अंडं उचललं, सूर्याकडे धरलं, हळूहळू फिरवलं आणि रुंद टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ते बाजूला ठेवलं. मग दुसरं. घाई नाही. भागिरथाबाईला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. साठी ओलांडलेली ती बाई दारात हात जोडल्यासारखे धरून उभी राहिली, आणि तेरावं अंडं पाहून होईपर्यंत हलली नाही.

शेवटचं अंडं टोपलीत ठेवून वैजयंतीनं आपले दोन्ही हात उघडून मांडीवर ठेवले आणि काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो," ती मला म्हणाली, "मनकर्णाबाईची कोंबडी खुडूक असंन त घेऊन या."

मी चप्पल घातली आणि निघालो.