घेतली मशीन

आमच्या कंपनीत रिलीव्ह हा शब्द दिवसभर तोंडात. “रिलीव्हर आला का राव?” “चल, मला रिलीव्ह कर, बस चुकंल!” चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर निम्मं आयुष्य गेलं, पण शब्द आला कुठून ते मी शोधलं हॉस्पिटलच्या बाकावर, मोबाईलमध्ये. करायला दुसरं होतं काय? मूळ म्हणे लॅटिन. पुन्हा उचलणं, ओझं हलकं करणं. आमच्या प्रेसचा लिव्हरही त्याच घराण्यातला. असेल बुवा. वाचलं आणि मोबाईल खिशात टाकला. त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. ना भूक, ना रडू.

आत वडील होते. घर पुनावळ्याचं, नोकरी केली आकुर्डीला कारखान्यात. त्यांच्या मशीन शॉपची शिफ्ट बदलतानाची रीत होती: येणाऱ्यानं मशीनवर तळवा ठेवून ‘घेतली’ म्हणायचं, जाणाऱ्यानं मशीनची खोड सांगायची, मगच हात सोडायचा. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही की ते दुसरी शिफ्टही ओढायचे, आणि घरी आई ताट झाकून बसायची.

आता तापात त्यांनी पलंगाची दांडी धरली होती. सोडेनात, डोळा मिटेनात. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत, निदान झोप तरी लागू दे. नर्सनं बोटं सोडवून पाहिली.

“रिलीव्हर न्हाई आला अजून,” वडील म्हणाले.

मला चीडच आली. रिटायर होऊन जमाना झाला, आता कसली मशीन न् कसलं काय! पण त्यांच्या डोळ्यांतली झोप बघवेना. शेवटी दांडीवर तळवा ठेवला.

“घेतली, आण्णा.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “आधी खोड ऐक. तुज्या आईला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. कुनाला सांगत न्हाई ती. उजवीकडनं बोलायचं.”

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. त्यांनी दांडी सोडली आणि झोपले. झोपेतच गेले.

हलकं वगैरे मला काही वाटलं नाही. घरी आलो तेव्हा आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी नेहमीसारखा डावीकडून गेलो, थांबलो. मग वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेलो आणि सांगितलं.