हात पोचतो तिथपर्यंतची भिंत

सत्तरच्या दशकात मी एका दैनिकाचा दौंडचा वार्ताहर होतो. शिरूर तालुक्यातली भीमेकाठची काही गावंही माझ्याकडे होती. इथे लिहितो आहे ते त्यांपैकी एका गावातल्या तीन दिवसांबद्दल. त्या वेळची टिपणवही जवळ आहे. संवाद तिच्यातले आहेत.

हिवताप गेला असं तेव्हा सगळे धरून चालले होते. त्या वर्षी तो परत आला. दुपारी दोनच्या सुमारास माणसं उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडत बसलेली दिसू लागली. गावात डी.डी.टी.ची फवारणी तर झाली होती. प्रत्येक दारावर गेरूनं तारीख टाकलेली होती. तरीही ताप वाढत होता. कारणं दोनच असू शकत होती. एक तर डास औषधाला सरावले होते, नाही तर औषध भिंतीपर्यंत पोचलं नव्हतं.

हे शोधायला पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. त्यांच्यासोबत लाकडी पेट्या होत्या, आणि पेट्यांत याच पट्ट्यातल्या गोठ्यांतून पकडून आणलेले जिवंत डास. शाळेच्या एका खोलीत त्यांनी मुक्काम ठोकला. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या चढल्या तर मेलेले डास घेऊन जातील आणि मोजणी फुकट जाईल, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं.

त्यांची पद्धत सोपी होती. फवारलेल्या भिंतीवर प्लास्टिकचा पारदर्शक शंकू चिकटपट्टीनं बसवायचा. तोंडानं ओढायच्या काचेच्या नळीतून दहा डास आत सोडायचे. अर्धा तास त्यांना भिंतीवर बसू द्यायचं. मग ते जाळी लावलेल्या पेल्यात काढून साखरपाण्याचा बोळा द्यायचा, वर ओला टॉवेल टाकायचा आणि चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. औषध भिंतीवर असेल आणि डास सरावलेले नसतील, तर ते मरतात.

पहिल्या दिवशी सकाळी बाईंनी सहा घरं घेतली. तीन गावातली, तीन बौद्धवस्तीतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत मोजणी झाली तेव्हा बाई, हिवतापाच्या पथकाचे निरीक्षक आणि मी, असे तिघे हजर होतो. बौद्धवस्तीतल्या पेल्यांमध्ये एखाददुसरा सोडून सगळे डास मेले होते. गावातल्या पेल्यांमध्ये जवळपास सगळे जाळीला धरून बसले होते. बाईंनी पेल्यावर टिचकी मारली. ते उडाले.

"म्हणजे डास सरावलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "सरावले असते तर दोन्हीकडे जगले असते. गावातल्या भिंतींवर औषधच नाही."

वाक्य त्यांनी वहीकडे बघत उच्चारलं होतं. निरीक्षकांनी ते तिथेच पकडलं.

"बरोबर. वस्तीत औषध आहे, गावात नाही. आणि फवारणारा कुठला? वस्तीतला." ते माझ्याकडे वळले. "पावडर कांद्यावर मारायला खपते, वार्ताहर. स्वतःच्या लोकांच्या घरात पुरी मारली, गावात नुसतं पाणी शिंपडलं आणि उरलेली विकली. घ्या बातमी."

फवारणारे गृहस्थ पन्नाशीला आलेले होते. वस्तीत त्यांना सगळे मामा म्हणत, पुढे मीही म्हणू लागलो. हंगामी कामगार म्हणून ते बरीच वर्षं पाठीवर पंप घेऊन आसपासची गावं फवारत होते. त्या कामाखेरीज त्यांना दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी होती, आणि ती गावाच्या मर्जीवर होती. निरीक्षकांनी माझ्यासमोरच पत्र लिहिलं. कामावरून कमी करावं, पुन्हा कोणत्याही हंगामात घेऊ नये, पोलिसांत फिर्याद द्यावी. सही तेवढी बाकी ठेवली.

मी बातमी लिहिली. त्यात मामांचं पूर्ण नाव होतं. संध्याकाळच्या गाडीनं दौंडहून पाकीट गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती छापून आली असती.

मामांना शाळेत बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"आत ये," निरीक्षक म्हणाले. "पावडर कुणाला दिली?"

"कुनाला न्हाई, साहेब."

"मग गावात डास का मरत नाहीत? तुझ्या वस्तीत कसे मरतात?"

"मी समद्यांकडं येकाच बादलीतनं मारलंय. बादली ढवळाया मानूस व्हता, त्याला इचारा."

"तो तुझा भाचा."

"भाचा हाय म्हून खोटं बोलंल व्हय?"

"नाही, तो खरं बोलेल आणि मला बढती मिळेल," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी मामांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? तुम्हीच सांगा."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वहीकडे. उत्तर द्यायला त्यांनी जो वेळ घेतला तो मला गुन्हेगाराचा वाटला. तसं मी टिपलंही आहे.

"मी काय सांगनार, बाई? गावात ऱ्हायाचंय मला." मग म्हणाले, "तुमी त्ये झाकन भितीला खाली लावलंत. छातीयेवढ्या उंचीला. वर बी लावून बघा की."

"डास खालीच बसतात," बाई म्हणाल्या.

"त्ये बसू द्या. तुमी वर लावा."

बाईंनी वही मिटली. निरीक्षकांना म्हणाल्या, "मला आणखी चोवीस तास हवेत."

"मला उद्या संध्याकाळी शिरूरला रिपोर्ट द्यायचाय."

"उद्या चार वाजता आकडे देते. सही तोवर करू नका." माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीही थांबा."

मी संध्याकाळची गाडी सोडली. बातमीवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. पुरावा अर्धा असताना नाव छापलं तर संपादक मलाच विचारतील, एवढाच हिशोब होता.

त्याच दुपारी आम्ही आप्पांच्या घरी गेलो. आप्पा बागायतदार, सोसायटीचे संचालक. मामांपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. मामा त्यांना अहोजाहो करत आणि ते मामांना अरेतुरे. त्यांच्या घरात दोघांना ताप येऊन गेला होता. बाई, निरीक्षक आणि मी आत गेलो. मामा अंगणात तुळशीच्या पलीकडे उभे राहिले. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. निरीक्षकांनी त्यांना आत या म्हटलंही नव्हतं.

माजघरात आल्यावर बाईंनी बॅटरीचा झोत आधी वर टाकला. धुरानं काळ्या झालेल्या तुळईवर पांढरे ओघळ सुकलेले होते. औषधाचे ओघळ. झोत भिंतीवरून खाली आला. वरच्या भागात पांढरट भुकटीची पुटं होती. पुरुषभर उंचीच्या थोडं वर ती एकाएकी संपत होती. तिथून खाली भिंत गुळगुळीत, शेणामातीच्या रंगाची. मधली रेघ सरळ नव्हती. अर्धगोलांची होती, हात फिरवत नेल्यासारखी.

आतल्या खोलीतून आप्पांच्या बायको, काकू, बाहेर आल्या. बाईंनी उंच काहीतरी मागितलं. काकूंनी तिवई आणून दिली. बाई तिच्यावर चढल्या. वरचा भाग खडबडीत असल्यानं चिकटपट्टी धरेना. म्हणून वरचा एक शंकू मी हातानं धरून उभा राहिलो, अर्धा तास. दुसरा त्याच्या खाली, सारवलेल्या भागावर लावला. हात भरून येत होता. शंकूतले डास एकेक करून भिंतीवर बसताना दिसत होते.

"काकू, ही भिंत कधी सारवली?" बाईंनी विचारलं.

"त्ये मारून गेल्यावर. दुसऱ्या दिशी."

"औषध मारल्यावर लगेच? वास येतो म्हणून?"

"वासाचं काय न्हाई वो." काकू सहज बोलत होत्या, स्वयंपाकाबद्दल सांगावं तशा. "त्ये आत येऊन गेल्यालं अस्तंय न्हवं. देव हायत घरात. जवा जवा मारून जात्यात तवा सारवून घ्यायचं. समदीच घेत्यात. शेजारी बी, पलीकडं बी."

निरीक्षक दाराकडे पाहू लागले. बाईंच्या हातात पेन होतं, ते वहीवर टेकलेलं होतं. शेणाच्या पातळ सारवणाखालीही औषध दबून राहतं, डासाच्या पायाला लागत नाही.

आप्पा उंबऱ्यात आले होते. त्यांनी ऐकलं होतं.

"बाई, लिवनार हाय का ह्ये?"

"कारणाचा रकाना आहे, आप्पा. तो भरावा लागतो."

"मग सन लिवा. सनाला घर सारवत्यात समदी. त्यात काय वंगाळ न्हाई."

"फवारणी वटपौर्णिमेनंतरची. आषाढी अजून यायची आहे," बाई म्हणाल्या. "मधे सण कुठला?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पेपरवाले काय करनार?"

मी म्हणालो, "जे झालं ते."

"आसं." आप्पा पायरी उतरून अंगणात गेले. मामांपासून चार पावलांवर थांबले. आवाज चढवला नाही. "ऐकलंस का रं? तुझ्यापायी गावाचं नाव पेपरात यायचंय. यंदा खुरपनीला कुनाकडं जायाचं ते बघून ठिव."

मामांनी मान वर केली नाही. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पेन हातात तसंच होतं. मी भिंतीला अडकलेला होतो. अर्ध्या तासाला अजून सात मिनिटं कमी होती. बाईंच्या आडून मला आता अंगण दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"बाई," मामांचा आवाज आला, "सन लिवा."

"तुमच्यावर आळ आहे," बाई म्हणाल्या. "खरं कारण लिहिलं तर तो पुरता जाईल."

"सन लिवल्यानं ऱ्हातुया का?"

बाई म्हणाल्या, "नाही. सारवलं एवढं पुरेसं आहे. का सारवलं, त्यानं तुमच्यावरचा आळ बदलत नाही."

"मग लिवा की. पुढल्या साली पंप घिऊन मलाच यायाचंय हितं."

सात मिनिटं झाली. मी शंकू खाली घेतला. बाईंनी डास पेल्यात काढले, पेल्यांवर खुणा केल्या आणि आम्ही शाळेत परतलो. वाटेत निरीक्षक एवढंच बोलले. "आधी आकडे तर येऊ द्या." ते त्यांनी दोनदा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी चारला दहा मिनिटं कमी असताना सगळे टेबलाभोवती होतो. मामा या वेळी आत आले, कुणी बोलावलं नव्हतं. वाट्यांतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं, मुंग्या एका पायाच्या टोकाशी जमल्या होत्या. बाईंनी आधी खालच्या शंकूचा पेला उघडला. टिचकी मारली. उडाले. मग वरच्या शंकूचा. टिचकी मारली. काही हललं नाही. त्यांनी पेला कागदावर उपडा केला आणि चिमट्यानं मोजून दाखवले. दहाच्या दहा.

मामांनी पहिल्यांदा टेबलाला हात लावला. "आमी मारल्यालं हाय," ते म्हणाले. "तुळईपातुर मारतो आमी."

निरीक्षकांनी पत्राची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. फाडलं नाही. मामांना म्हणाले, "सोमवारी पुढच्या गावाला निघायचंय. वेळेवर या." तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी 'या' म्हटलं होतं.

बाईंनी रकाना भरला. मी शेजारीच उभा होतो. 'फवारणीनंतर भिंती सारवल्या' असं लिहून त्या थांबल्या. मग स्वल्पविराम देऊन लिहिलं, 'सणानिमित्त'. कुठल्या सणानिमित्त, ते लिहिलं नाही. वही मिटताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझी बातमी पाच ओळींची आली. फवारणी झाल्यावर भिंती सारवल्यास औषधाचा उपयोग होत नाही, नागरिकांनी दक्षता घ्यावी. नाव कुणाचंच नव्हतं. 'जे झालं ते' म्हणून मी आप्पांना सांगितलं होतं. तेवढं मी छापलं नाही.

पुढच्या वर्षी पथकाला छापील पत्रकं मिळाली. प्रत्येक दारात ती मोठ्यानं वाचायची आणि मगच पंप उचलायचा, असा हुकूम होता. आप्पांच्या दारात मामांनी ते वाचलं तेव्हा मी हजर होतो. 'सणासुदीलाही भिंती सारवू नयेत.' मामा थांबत थांबत, एकेक अक्षर स्पष्ट वाचत होते. आप्पा ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. दुपारचे दोन वाजले होते आणि त्यांचे दात वाजत होते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "सनाला न्हाई सारवनार," त्या म्हणाल्या. "सांग तुज्या साहेबाला."

"व्हय, काकू," मामा म्हणाले. पत्रक घडी करून खिशात ठेवलं, बादलीत पावडर टाकून ढवळली आणि आत गेले. तुळईपर्यंत मारलं. बाहेर येऊन दारावर गेरूनं तारीख घातली.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. दार उघडं होतं. माजघराची भिंत ओली होती, हात पोचतो तिथपर्यंत.